खाजणातल्या काठ्या

१

ज्या मुलीला रंगेहाथ पकडायला वहिनी निघाल्या होत्या, ती त्यांना छातीपर्यंत चिखलात रुतलेली सापडली.

वहिनींना पहाटे जाग आली तेव्हा शेजारची नवऱ्याची गादी गार पडली होती. खुंटीवरची दुर्बीण नाही, दाराशी चपला नाहीत. दातांच्या डॉक्टरला एवढ्या पहाटे कुणाची दाढ ठणकायला लागली, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी शाल ओढली आणि विश्रामगृहाच्या मागच्या बांधावरून खाजणाची वाट धरली. गेलं वर्षभर घरात एकच जप चालला होता. टिटवी असं म्हणाली, टिटवीला विचारून सांगतो, टिटवीचे कान म्हणजे कान आहेत. टिटवी म्हणजे त्यांच्या पक्षीमंडळातली बँकेत काम करणारी मुलगी. सतत बडबडते म्हणून सगळ्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं आणि तिने ते हसत घेतलं होतं. तिचं हसणंच वहिनींना जास्त झोंबायचं.

उजाडत होतं. ओहोटी संपून पाणी नुकतंच परत फिरलं होतं. खाजणाच्या काळ्या चिखलावर चिखल्या पक्ष्यांची पिल्लावळ धावत होती आणि पलीकडे खारफुटीच्या झुडपाआड वाळूचा लांब दांडा समुद्रात गेला होता. दांड्यापर्यंत जाण्याची घट्ट वाट काठ्या रोवून दाखवलेली होती; प्रत्येक काठीला लाल फडकं. वाट सोडली की रुतण.

तेवढ्यात आरोळी आली. किंचाळून किंचाळून फाटलेल्या गळ्यातली.

वहिनी धावल्या. काठ्यांच्या रांगेच्या शेवटी, काळ्या चिखलातून फक्त डोकं, खांदे आणि वर धरलेले दोन हात दिसत होते. तिच्या मागच्या ओहोळात भरतीचं पाणी चढायला लागलं होतं.

"वहिनी, पुढे येऊ नका!" टिटवी ओरडली. "तिथेच थांबा! मी काठ्यांच्या मागोमागच आले होते!"

बांधावरून कुणीतरी धडधडत आलं. तो तोफ होता. मंडळातला फोटोवाला, हातभर लांबीची लेन्स खांद्यावर मिरवायचा म्हणून हे नाव. त्याने एका नजरेत सारं पाहिलं, कॅमेरा लावलेली तिपाई तशीच्या तशी चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर पालथा पडला आणि टिटवीच्या बगलांत हात घातले. लेन्स चिखलात गुडूप झाली. त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वहिनींनी शाल फेकून तिचं एक टोक धरलं. बऱ्याच ओढाताणीनंतर चिखलाने एक मोठा घोट गिळल्यासारखा आवाज केला आणि मुलगी सुटली.

बांधाशेजारच्या मचाणाच्या बाजूने सर आणि काकू आले. सर म्हणजे मंडळाचे गुरू, प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आणि काकू त्यांच्या पत्नी. काकू गुडघ्यावर हात ठेवत, थर्मास कवटाळून चालत होत्या. वहिनींनी तो घेऊन झाकण फिरवलं तर चहा काठोकाठ. हिंदकळून बोटांवर सांडला, चटका बसला. टिटवीचे दात कडकड वाजत होते. कप तिच्या ओठांना लावावा लागला.

सगळ्यांच्या शेवटी डॉक्टर आले. समुद्राच्या बाजूने, रमतगमत, हातात चपला, घोट्यापर्यंत पांढरी वाळू. गर्दी पाहून त्यांची चाल बदलली.

"काय झालं?"

टिटवीने कप खाली केला. "डॉक्टर, तुम्ही तिथेच तर होता," ती म्हणाली. "किनाऱ्यावर. मला दिसत होता तुम्ही. मी एवढी ओरडत होते, आणि तुम्ही पाठ वळवून चालत राहिलात."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

२

तोफ आणि डॉक्टर टिटवीला धरून विश्रामगृहात घेऊन गेले. वहिनी मात्र मागे राहिल्या.

वहिनींचा सारा जन्म विमा कंपनीत दाव्यांचा तपास करण्यात गेला होता. आपोआप पेटलेली गोदामं, आपोआप बुडालेल्या होड्या. आपोआप काहीच होत नाही, हे त्यांना पाठ होतं.

"भरतीने काठ्या सरकल्या असतील," सर त्यांच्या मागे येत म्हणाले. "समुद्राचं काय सांगावं."

"समुद्र काठी उपटतो, सर. परत रोवत नाही," वहिनी म्हणाल्या.

शेवटच्या तीन काठ्या उजवीकडे झुडपाला वळसा घालून जायच्या, त्या डावीकडे रुतणीत नेऊन पक्क्या बसवल्या होत्या. अंतर सारखं, फडकी नीट. अर्धवट उजेडात कुणीही फसलं असतं. वहिनींनी वाकून मूळची जागा शोधली. उजव्या वाटेवर तीन भोकं होती, कडा धारदार, जणू आत्ताच कुणी दात उपटला आहे.

त्या बराच वेळ त्या भोकांकडे बघत राहिल्या. मध्यरात्रीची भरती या वाटेवरून गेली होती. सगळीकडे चिखल पाटीसारखा पुसून गुळगुळीत झालेला. घट्ट वाटेवर पावलं मात्र उमटत नव्हती. काठ्या काल संध्याकाळी हलवल्या असत्या, तर ही भोकंही पुसली गेली असती. काठ्या हलल्या त्या पाणी उतरल्यावर. आज पहाटे.

बघता बघता पाण्याची एक जीभ आली आणि पहिलं भोक भरून गेली. मग दुसरं. पुरावा त्यांच्या डोळ्यांदेखत बुडत होता.

इथे पाहुणे फक्त त्यांचं मंडळ, आणि वाट मचाणाखालून जाणारी एकच. आज पहाटे अंथरुणात कोण नव्हतं, याचं एक उत्तर त्यांना नको असताना माहीत होतं.

३

भांडण आदल्या संध्याकाळी झालं होतं, जेवणाच्या टेबलावर.

टिटवी मागच्या आठवड्यात इथे एकटी येऊन गेली होती आणि तिला चमच्या चोचीचा तुतवार दिसला होता. चिमणीएवढा पक्षी, चोचीच्या टोकाला इवलासा चमचा. जगात मोजके उरलेले. सरांनी उभी हयात त्याच्यासाठी किनारे पालथे घातले होते. त्यांना तो कधी दिसला नव्हता. टिटवीला पहिल्याच फेरीत दिसला.

तोफेने तिची वकिलासारखी उलटतपासणी घेतली होती.

"पाठ कसली?"

"राखाडी."

"पायांचा रंग?"

"पाय पाण्यात होते, दादा. उथळ पाण्यात पोटापर्यंत बुडून चमचा फिरवत होता."

"म्हणजे अर्धाच पक्षी पाहिलास!" सगळे हसले. "जागा कुठली?"

"ती नाही सांगणार. तू तोफ घेऊन अंगावर जाशील त्याच्या."

तोफ ताट सारून उठला होता. सरांनी टिटवीच्या पाठीवर थोपटलं, आणि काकूंची नजर त्या हातावर खिळलेली वहिनींनी पाहिली. तशी नजर ओळखायला आरसा लागत नाही. वहिनींची स्वतःची नजर त्याच वेळी डॉक्टरांवर होती, कारण डॉक्टर खुर्ची ओढून टिटवीच्या अगदी जवळ सरकले होते आणि ती त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती.

आता तोफ ओसरीवर बसून लेन्समधला चिखल काडीने काढत होता.

"माझ्यावरच संशय असणार," तो म्हणाला. "साहजिक आहे. जळलो मी. रात्रभर कूस बदलत होतो. पोरीला दुर्बीण धरायला मी शिकवलं, आणि आता ती मला जागा सांगत नाही."

"पहाटे कुठे होतास?"

"मिठागरांवर, गावाच्या पलीकडच्या अंगाला. शेकाट्यांचे फोटो. परतताना बांधावर तिची आरोळी ऐकली." त्याने कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांच्या लॅपटॉपला लावून दिलं. लांब लाल पायांचे पक्षी, पाण्यात उगवतीचा पहिला तांबूस पट्टा.

वहिनींना फोटोंपेक्षा त्याचे बूट आठवत होते. तो धावत आला तेव्हा त्यांवर पांढरी धूळ होती, मिठागरांच्या बांधांवरची. काळ्या चिखलाचा ठिपका नव्हता. खाजणात काठ्या रोवून कुणी असं कोरडं येत नाही. आणि ज्याने मुलीला बुडवायचं ठरवलंय, तो तिच्यासाठी आपली जीव की प्राण असलेली लेन्स चिखलात घालत नाही.

"अजून जळतोस?"

"जळतो की," तो म्हणाला. "पण जळणं वेगळं, वहिनी. बुडवणं वेगळं."

४

काकू खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घातलेलीच घडी मोडून पुन्हा घालत होत्या.

"आम्ही दोघं उजाडायच्या आधीपासून मचाणावर," वहिनींनी विचारण्याआधीच त्यांनी सुरू केलं. "चहा पीत बसलो होतो. ह्यांना थंडी सोसत नाही. एकदा बसले की हलत नाहीत."

"टिटवीचं ओरडणं नाही ऐकू आलं?"

"वारा उलटा होता." मग ओठ घट्ट मिटून त्या म्हणाल्या, "ओरडण्याची सवयच आहे तिला. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटतं काही मुलींना. तुम्हाला मी काय सांगायचं?"

हे शेवटचं वाक्य बरोबर वर्मी बसलं. वहिनींना एकदम काकूंशेजारी बसावंसं वाटलं. दोघींनी मिळून त्या मुलीला मनसोक्त नावं ठेवावीत असं वाटलं. त्या उठल्या.

सर व्हरांड्यात खुर्ची टाकून भरतीकडे बघत होते. सारं खाजण आता पाण्याखाली गेलं होतं. वर सुरय पक्षी गिरक्या घेत होते.

"वाईट झालं," सर म्हणाले. "माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. तिच्यासारखे कान आणि डोळे मला मिळाले असते तर..." ते थांबले. "गंमत बघा वहिनी. एवढासा जीव. कुठल्या तरी थंड मुलखात कुणी त्याच्या पायात ते हिरवं कडं अडकवलं असेल, आणि तो सात समुद्र ओलांडून इथे येतो. आणि इथे माणसं त्याच्यापायी चिखलात रुततात."

"हं," वहिनी म्हणाल्या. पक्ष्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि लक्षही नव्हतं. अंगणात डॉक्टर टिटवीच्या खोलीच्या दाराशी उभे होते. दार किलकिलं झालं. डॉक्टर आत गेले.

५

वहिनींनी दार ठोठावलं नाही. ढकललं.

टिटवी पांघरुणात गुंडाळून बसली होती. डॉक्टर स्टुलावर, डोळ्यांत पाणी.

"बरं झालं आलात," टिटवी म्हणाली. "आता हे तुम्हीच वहिनींना सांगा, नाहीतर मी सांगते. मला कंटाळा आलाय तुमचं गुपित सांभाळायचा."

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर आलं, तर आता ते ऐकायला नको होतं.

"मला ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"बारीक, उंच आवाज. दीड वर्ष झालं. तुझं बोलणं येतं, पातेल्याचं झाकण पडलेलं येतं, पण तुतवाराची शीळ, चिखल्याची हाक... काही नाही. सगळे 'ऐका, ऐका' म्हणतात आणि मी मान डोलावतो." त्यांनी खिशातून कानात घालायचं यंत्र काढलं, बोराएवढं. "हे हिने शोधून दिलं. पहाटे किनाऱ्यावर एकटाच गेलो, लावून बघायला. लाटांचा एवढा गोंगाट झाला की काढून टाकलं. मग ही ओरडत होती आणि मी..."

"जवळ बसून मी त्यांना फक्त कुठला पक्षी बोलतोय ते सांगायचे," टिटवी म्हणाली.

वहिनींना राग कुठे ठेवावा कळेना. नवरा हिच्याकडे गेला नव्हता. पण आपलं बहिरेपण घेऊन मात्र तो हिच्याकडेच गेला होता. हे कमी होतं का?

"हिला सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मला नाही."

"तू तपासनीस आहेस," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "तुझ्यापुढे मोडलेली वस्तू ठेवायची भीती वाटते."

मग सवयीनेच, काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांनी टिटवीला विचारलं, "सकाळी तुझा तो पक्षी दिसला का गं? हिरव्या कड्याचा?"

टिटवी त्यांच्याकडे बघत राहिली.

"दांड्यापर्यंत पोचलेच नाही मी. आणि कडं कसलं, वहिनी?"

६

दुपारी वहिनींनी सगळ्यांना जेवणघरात बसवलं. खिडकीबाहेर भरती टम्म भरली होती.

"काठ्या आज पहाटे हलवल्या गेल्या," त्यांनी सुरुवात केली, आणि भोकांचं सांगितलं. "तोफ खाजणात नव्हता, त्याच्या बुटांवर मिठागराची धूळ होती. आमचे हे किनाऱ्यावर होते. त्यांच्या पायांना वाळू होती, चिखल नव्हता, आणि त्यांनी हाक का ऐकली नाही ते मला कळलंय. ते आमच्या घरातलं आहे."

"आम्ही मचाणावर होतो," काकू म्हणाल्या. "सांगितलं ना."

"उजाडायच्या आधीपासून चहा पीत?"

"हो."

"काकू, थर्मास मी उघडला. काठोकाठ होता. त्यातून एक घोटही कुणी घेतला नव्हता."

काकूंचा हात मंगळसूत्राकडे गेला आणि तिथेच थांबला. वहिनींनी आवाज उतरवला. "तुम्ही एकट्याच बसला होता. दोघांसाठी चहा घेऊन गेलात आणि सर तिथे नव्हतेच. ते कुठे गेले ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला वाटलं, तिला भेटायला. म्हणून खोटं बोललात. मला कळतं ते काकू. आज पहाटे कुणी मला विचारलं असतं तर मीही शपथेवर सांगितलं असतं की माझा नवरा माझ्या शेजारी झोपला होता."

काकूंचे डोळे भरून आले होते.

"हा सगळा तर्क आहे," सर शांतपणे म्हणाले. "मी जरा फिरायला गेलो होतो. झालं?"

"मग कडं हिरवं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

वहिनी टेबलावर पुढे वाकल्या.

"टिटवीने पाय पाहिलेच नव्हते. पाय पाण्यात होते, सगळ्यांसमोर म्हणाली. या किनाऱ्यावर तो पक्षी तिच्याशिवाय कुणाला दिसलेला नाही. पण तुम्ही मला सकाळी म्हणालात, ते हिरवं कडं. 'ते', सर. पाहिलेल्या वस्तूला माणूस 'ते' म्हणतो."

"अंदाज," सर म्हणाले. "अशा पक्ष्यांना कडी घालतात."

"अंदाजाला रंग नसतो, सर," तोफ म्हणाला.

सरांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. चष्म्याविना ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"मी तिला मारायला निघालो नव्हतो," ते म्हणाले. "गुडघाभर चिखल लागेल, वैतागून मागे फिरेल, एवढंच. काल ती उथळ पाणी म्हणाली तेव्हाच जागा दांड्यावरची हे मी ओळखलं, आणि पहाटे ती तिथेच जाणार हेही. मला फक्त एक सकाळ हवी होती. त्याच्याबरोबर एकट्याने. ती येणार, बोट दाखवणार, 'सर, तो बघा' म्हणणार, आणि मी माझ्याच विद्यार्थिनीच्या बोटाने तो पाहणार. जन्मभर शोधलेला पक्षी. मला ते सहन होईना. मी काठ्या हलवल्या आणि पुढे दांड्यावर गेलो. तो तिथे होता. ओल्या वाळूवर, उघडा. पाय, कडं, चोच, सगळं. नंतर पाण्याच्या काठाने वळसा घालून, पायांचा चिखल धुऊन मचाणाशी आलो."

"म्हणजे," काकू हळूच म्हणाल्या, "तुम्ही तिला भेटायला गेला नव्हतात?"

आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली, निखळ, उजळ सुटका. मग आपण कशावर सुखावलो ते त्यांचं त्यांनाच उमगलं आणि त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं. वहिनींनी नजर दुसरीकडे वळवली.

टिटवी उठून टेबलाशी आली. आज पहिल्यांदाच ती हळू बोलत होती.

"दांडा झुडपाच्या पलीकडेच आहे, सर. माझा आवाज तिथे येत होता."

"हो."

"केव्हापर्यंत ऐकत होता?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मग, विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं ही जुनी सवय असल्यासारखे, म्हणाले,

"तो उडेपर्यंत."

७

पोलिसांकडे जायचं टिटवीने स्वतः ठरवलं. वहिनी बरोबर येऊ म्हणाल्या तर तिने मान हलवली. तोफेने गाडी काढली आणि दोघं गेली. सर आपल्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले, दार उघडं ठेवून; पळून जायला त्यांना जागा नव्हती आणि बळही नव्हतं. काकू दाराबाहेर बसल्या. आत गेल्या नाहीत.

संध्याकाळी पाणी उतरलं तसे वहिनी आणि डॉक्टर किनाऱ्यावर गेले. वहिनींनी गुन्हेगार शोधला होता, पण स्वतःच्या छातीतला खडा काही विरघळला नव्हता. वर्षभर ती मुलगी या माणसाच्या कानाशी बसली होती. ती जागा आपली होती.

ओल्या वाळूवर बारके पक्षी इकडून तिकडे पळत होते आणि त्यांच्यातून एक आवाज येत होता. डॉक्टर दुर्बीण लावून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर बंद दारापुढे उभ्या असलेल्या माणसाचा भाव होता.

वहिनी त्यांच्या अगदी जवळ सरकल्या.

"एक जण बोलतोय," त्या म्हणाल्या. "शिट्टी आहे. पण सरळ नाही. आधी एक, मग तिच्या पाठोपाठ दोन घाईघाईच्या, जिना उतरताना पाय घसरल्यासारख्या."

डॉक्टरांनी दुर्बीण खाली घेतली. "शेवटची खाली उतरते?"

"उतरते."

"हिरवा तुतवार," ते म्हणाले. "हिरवाच तुतवार आहे तो. टिटवीला हे असं कधी सांगता आलं नव्हतं."

"नसेलच आलं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, डोळे मिटले आणि पुढचा आवाज यायची वाट बघत कान टवकारून उभ्या राहिल्या.